जीव घुसमटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही

पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून बुडी मारण्याआधी दहा-बारा जोरजोरात श्वास घेतले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात घेऊ नका. भूलतज्ज्ञ म्हणून श्वास हाच माझा रोजचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्वासाची लय मेंदूच्या पार खालच्या टोकाला, लंबमज्जेत ठरते. पण तिथला पहारा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर असतो. हॉल्डेन आणि प्रिस्टली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी हे १९०५ मध्येच दाखवलं होतं. विद्यार्थ्यांना मी खुर्चीत बसवून, बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून श्वास रोखायला सांगतो. थोड्याच वेळात पोट आत-बाहेर हिसके देऊ लागतं, चेहरा लाल होतो, आता राहवत नाही असं होतं. ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा मात्र ९८ टक्क्यांवरून हललेला नसतो! (बोटापर्यंत बदल पोचायला काही सेकंद लागतात, ते धरूनही.)

ऑक्सिजनवर नजर ठेवणारी कॅरोटिड बॉडी मानेत असते, रोहिणीला जिथे फाटा फुटतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी. पण ती जोराने ओरडते ती रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब नेहमीच्या ९५-१०० वरून ६० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास उतरल्यावर. त्यातही कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर तिचा आवाज दबतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत उतरलेला माणूस म्हणूनच न घुसमटता, काही कळायच्या आत कोसळतो.

आता तुमचे ते दहा-बारा श्वास. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ऑक्सिजनने ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात भर ती काय पडणार? धुऊन जातो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वेळ वाढत नाही, धोक्याची घंटा तेवढी उशिरा वाजते. तोवर ऑक्सिजन घसरतच असतो. खोलवरून वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, त्याबरोबर फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही झपकन पडतो, आणि पृष्ठभाग हातभर अंतरावर असताना शुद्ध हरपते. उथळ तलावातही, आडवं पोहताना, चांगले पट्टीचे पोहणारे असे गेले आहेत.

तेव्हा आधी शांतपणे नेहमीसारखा श्वास घ्या आणि मग एकच पूर्ण श्वास भरून बुडी मारा. वर आल्यावर श्वास पुरता बसेपर्यंत पुन्हा उतरू नका. आणि काठावर एक जण हवाच, ज्याचं लक्ष फक्त तुमच्यावर असेल आणि जो तुम्हाला बाहेर ओढू शकेल.