वाचकांचे प्रश्न : इपॉक्सी कुठे धरते, कुठे सुटते

प्रश्न : स्पीडब्रेकरवर स्कूटर घासून क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या तेल असलेल्या खालच्या पेटीला, खालून दोनेक इंचांची भेग गेली. तेल थेंब थेंब गळते. एम-सील लावले, ते दोन दिवसांत खपलीसारखे निघाले. मेकॅनिक अख्खी केस बदलायला सांगतो. इपॉक्सीने काम भागेल का?
— भांडुप

उत्तर : आधी भेग कुठवर गेली आहे ते बघा. बेअरिंगच्या बैठकीपर्यंत किंवा इंजिन चॅसीला जोडणाऱ्या बोल्टच्या कानापर्यंत पोचली असेल तर मेकॅनिकचे ऐका. तिथे भार येतो आणि इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवल्यावर कडक होणारा चिकट लेप, भार पेलण्यासाठी नाही. नुसत्या पत्र्यासारख्या भिंतीत असेल तर काम घरी होण्यासारखे आहे.

तुमचे एम-सील सुटले ते बहुधा तेलामुळे. ओतीव ॲल्युमिनियमला बारीक छिद्रे असतात आणि वर्षानुवर्षांचे तेल त्यांत मुरलेले असते. वरून पुसून धातू चकचकीत दिसतो, पण इंजिन तापले की आतले तेल घामासारखे बाहेर येते आणि लेप खालून उचलला जातो. म्हणून या कामात पाऊण वेळ सफाईत गेला पाहिजे. तेल पूर्ण काढा. जागा आधी रॉकेलने किंवा डिझेलने ब्रश मारून धुवा, मग भांड्यांच्या साबणाने, मग कोरडी करा. रॉकेल-डिझेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवतात, त्यामुळे त्यांच्यावर थांबू नका. हेअर ड्रायरने जागा हाताला चटका बसेल इतकी तापवा, वर आलेले तेल कोऱ्या कपड्याने टिपा, थंड होऊ द्या आणि मग ॲसिटोनने पुसा. गरम धातूवर ॲसिटोन ओतू नका, पेट घेते. हे तीन-चार वेळा करा. पांढऱ्या सुती फडक्यावर डाग येईनासा झाला की थांबा.

भेगेची टोके डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेली असतात. थोडे रॉकेल फासून पुसून टाका आणि वर खडूची पूड भुरभुरा. भेगेतून झिरपणारे रॉकेल खडूवर काळपट रेघ काढते. रेघ जिथे संपते तिथे दोन्ही टोकांना २ ते ३ मिमीचे भोक पाडा, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. ड्रिलच्या पात्याला ग्रीस चोपडा, त्यात बुरादा अडकतो. तरी काही आत पडतोच, म्हणून शेवटी थोडे स्वस्त तेल घालून काढून टाकायचे. मग त्रिकोणी कानशीने भेगेवर व्ही आकाराची खाच घ्या, जाडीच्या साधारण निम्मी. आजूबाजूला इंचभर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-उभे ओरखडे काढा, पुन्हा ॲसिटोन मारा आणि तासाभरात लेप लावा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच चढू लागतो, त्यामुळे ‘उद्या लावू’ म्हणू नका.

पोलादाची पूड असलेली इपॉक्सीच घ्या. पाच मिनिटांत धरणारी पारदर्शक इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांना मऊ पडू लागते आणि क्रँककेसमधले तेल १०० अंशांच्या आसपास जाते. पाकिटावर कमाल तापमान छापलेले असते, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. लावताना पहिला हात अगदी पातळ, पण दाबून रगडा, म्हणजे ओरखड्यांत शिरतो. उरलेले त्यावर, एकूण ३ मिमीच्या आत. मध्ये फायबरग्लासच्या कापडाची पट्टी बुडवली तर उत्तम. ढीग लावून मजबुती वाढत नाही, उलट घटते : तापल्यावर साधी इपॉक्सी ॲल्युमिनियमच्या दुपटीहून जास्त फुगते आणि जाड थराची कड तिथूनच उचलते. चोवीस तास गाडीला हात लावू नका. नंतर तेल भरून पंधरा मिनिटे चालवा आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा.

प्रश्न : जुलैमध्ये पंपाच्या ब्रॅकेटला इपॉक्सी लावली. आठवडा झाला, अजून चिकट आहे. लवकर सुकावी म्हणून हार्डनर थोडा जास्तच घातला होता.
— गिरगाव

उत्तर : घोटाळा त्या ‘थोडा जास्त’मध्ये आहे. इपॉक्सी रंगासारखी सुकत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक जोडी जुळते आणि ती ठरावीक प्रमाणातच जुळते. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही. तो आतच राहतो आणि लेप रबरासारखा ठेवतो. अ‍ॅराल्डाइटची एडब्ल्यू १०६ (रेझिन) आणि एचव्ही ९५३ (हार्डनर) ही नेहमीची जोडी वजनाने १०० ला ८०, आकारमानाने सरळ निम्मे-निम्मे घ्यायची असते. ट्यूबमधून दोन सारख्या लांबीच्या रेघा काढा आणि कडेचा, तळाचा भाग आत घेत किमान तीन मिनिटे घोटा. रंगाच्या रेघा दिसतात तोवर ते मिसळलेले नाही.

आता नखाने तपासा. नख रुतत असेल तर सगळे खरवडून नव्याने करा, दुसरा मार्ग नाही. आत कडक आणि वरच मेणासारखा बुळबुळीत थर असेल तर ती पावसाळ्यातल्या दमट हवेची करणी : हार्डनरमधले अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर तरंगते. कोमट पाण्याने आणि हिरव्या घासणीने ते धुऊन जाते. आधी पॉलिश पेपर मारू नका, नाहीतर तो थर आत घासला जाईल आणि वरचा दुसरा हात धरणार नाही.

एक गोष्ट उलट्या बाजूचीही सांगायला हवी. मे महिन्याच्या दुपारी वाटीत मोठा गोळा कालवून ठेवलात तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर काढतो. तापमान १० अंशांनी वाढले की हाताळायचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. थोडे कालवा आणि जुन्या लादीवर पसरून ठेवा.

प्रश्न : बाइकच्या सायलेन्सरला बेंडजवळ भोक पडले आहे. इपॉक्सी?
— कुर्ला

उत्तर : नाही. तिथला पत्रा ३०० अंशांच्या वर जातो आणि इपॉक्सी जळून कोळसा होते. गॅस वेल्डिंग करून घ्या.

प्रश्न : इंजिनच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले आहेत. भोकात इपॉक्सी भरून बोल्ट बसवला तर?
— दादर

उत्तर : तो बोल्ट पुन्हा निघणार नाही आणि पुढच्या वेळी तेल बदलायचे कसे? बोल्टला मेण चोपडून बसवायचा आणि इपॉक्सीत नवे आटे उमटवायचे, ही युक्ती खरी आहे. पण ती एअर फिल्टरच्या डब्याच्या किंवा कव्हरच्या ६ मिमीच्या स्क्रूंसाठी, तीही नेहमीच्या निम्म्या जोराने आवळायची. ड्रेन बोल्ट दर वेळी उघडायचा-आवळायचा असतो आणि गरम तेलात बसलेला असतो. तिथे हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायचे तारेचे तयार आटे, बसवा. नागदेवी स्ट्रीटवर ड्रिल, टॅप आणि तारेच्या आट्यांचा संच मिळतो. जुना बोल्ट बरोबर न्या, कारण १२ मिमीतही आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, वेगवेगळा असतो.

प्रश्न : बोटीच्या डिझेल इंजिनच्या बिडाच्या वॉटर जॅकेटला (इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्यातून फिरते त्या कवचाला) खाऱ्या पाण्याने भोक पाडले आहे. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत दुरुस्त करायचे आहे.
— वरळी कोळीवाडा

उत्तर : बिडाची गोष्ट फसवी असते. खारे पाणी त्यातले लोखंड खाते आणि ग्रॅफाइट मागे ठेवते, त्यामुळे भाग शाबूत दिसतो, पण स्क्रूड्रायव्हर टेकवला की पेन्सिलीच्या शिशासारखा खरवडतो. भोक नखाएवढे दिसते आणि खरवडल्यावर रुपयाएवढे होते. टणक चकाकता धातू लागेपर्यंत खरवडा. इंचभर कड टणक उरत नसेल तर जॅकेट बदला. उरली तर गोड्या पाण्याने दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा धुवा, कारण खड्ड्यातले मीठ ओल ओढून लेप फोडते. कडकडीत वाळवा, ओरखडे काढा आणि २ मिमीच्या पत्र्याची चकती इपॉक्सीत बसवून वर कापडाचा हात द्या. इंजिनच्या धातूऐवजी स्वतः झिजावा म्हणून बसवलेला झिंकचा तुकडा उरला आहे का तेही त्याच दिवशी पाहा. संपला असेल तर शेजारी नवे भोक पडेल. समुद्रात नेण्याआधी बंदरातच बोट बांधून दोन तास इंजिन चालवा.

प्रश्न : पेट्रोलच्या टाकीतून सुईच्या टोकाएवढी गळती आहे.
— मुलुंड

उत्तर : ते भोक आतून गंजून आले आहे, म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागद झालेला असणार. बाहेरून लावलेली पुटी गाडी गॅरेजपर्यंत न्यायला पुरते, एवढेच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते; तिच्याजवळ ड्रिल, ड्रायर, सिगरेट काही नको.

प्रश्न : हाताला लागलेली इपॉक्सी थिनरने काढली तर चालेल का? बोटांवर पुरळ आले आहे.
— चेंबूर

उत्तर : थिनर ती पातळ करून कातडीत आणखी आत नेतो. ओली असतानाच कागदाने पुसा आणि साबणाने धुवा. पुरळ डॉक्टरांना दाखवा आणि तोवर इपॉक्सीला हात लावू नका. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, पुढे थेंबानेही उठते. कामाला नायट्राइलचे हातमोजे घ्या, आणि त्यांवर ॲसिटोन सांडले तर लगेच बदला, ते त्यातून झिरपते.