सहा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला डॉक्टरांनी रिस्पेरिडोन लिहून दिलंय. त्याने तो बोलायला लागेल का? सुरू करावं का?

गोळीने बोलणार नाही. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. रिस्पेरिडोनला अमेरिकेत २००६ साली आणि तशाच दुसऱ्या औषधाला, एरिपिप्राझोलला, २००९ साली मान्यता मिळाली ती चिडचिड, आदळआपट, स्वतःला इजा करून घेणं यासाठी. बोलण्यासाठी स्पीच थेरपीच हवी. तुमचा मुलगा शांत असेल आणि फक्त बोलत नसेल, तर ही गोळी नेमकी कशासाठी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

‘मुलाला गुंगीत ठेवते’ म्हणणारे तुम्हालाही भेटतील, म्हणून माझं सांगते.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलगा सात वर्षांचा असताना मनगट चावायचा, रात्री भिंतीवर डोकं आपटायचा. मनगटावर घट्टा पडला होता. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवलं, हीच गोळी सुरू झाली. महिनाभराने तो थेरपीला पहिल्यांदा वीस मिनिटं बसला आणि मणी ओवले. मी बाहेर येऊन रडले.

त्याच वर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी गेलो. गणपतीवर फळांची माटोळी बांधताना जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोराला झोपेच्या गोळ्या देऊन ही मोकळी." सासूबाई गप्प. मला इतकं लागलं की त्या रात्री गोळी दिली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी आरतीला घुमटं, म्हणजे मातीची वाद्यं, वाजायला लागली आणि त्याने खांबावर कपाळ फोडून घेतलं. तीन टाके पडले. गणपतीपुढे रक्त सांडलं, तेही माझ्याच माथी.

माझं चुकलंच. पण गोळी देण्यात नव्हे, दुसऱ्याच्या बोलण्यावरून ती एकदम बंद करण्यात. आणि आवाज सोसत नाही हे ठाऊक असून त्याला घुमटांजवळ बसवण्यात. तिथे त्याला मागच्या पडवीत न्यायला हवं होतं. जाऊबाई स्वतः प्रेशरची गोळी एक दिवस चुकवत नाहीत. ते औषध आणि माझ्या मुलाची तेवढी गुंगी, हे मी आजही मान्य करत नाही.

हो, भूक मात्र भयंकर वाढते. सहा महिन्यांत चार किलो चढले. रात्री उठून पेजेच्या टोपाशी बसायचा. सुरुवातीला सुस्तीही होती. वजन, साखर, कोलेस्टेरॉल आधी तपासून घ्या, नंतरही तपासत राहा. दातदुखी, बद्धकोष्ठ यांनीही अशी मुलं आपटाआपट करतात, तेही आधी पाहून घ्या. आणि डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू. माझ्या मुलाचा आता निम्म्यावर आलाय.