परत आलेल्या लॅपटॉपच्या लॉटमध्ये बचत घालावी का?

आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. आपण नोकरी करता, संध्याकाळी ओळखीच्या लोकांचे लॅपटॉप दुरुस्त करून देता, आणि घरखर्चाच्या सुमारे दहा महिन्यांइतकी बचत आपल्याजवळ आहे. एका मोठ्या किरकोळ विक्रेत्याकडे ग्राहकांनी परत केलेल्या ४० लॅपटॉपचा लॉट लिलावात निघाला असून त्यासाठी या बचतीतील सात महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम लागेल. दुरुस्त करून विकल्यास पैसे जवळपास दुप्पट होतील असा आपला अंदाज आहे. जोडीदाराला मात्र हे पटलेले नाही. पहिला लॉट विकला गेला की दुसऱ्यासाठी कर्ज काढावे का आणि पुढे नोकरी सोडावी का, हेही आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. हा व्यवसाय खोटा नाही आणि आपल्या हातातील कौशल्यही खरे आहे, परंतु हा लॉट या रकमेला आपण घेऊ नये. या धंद्यातील नफा दुरुस्तीच्या टेबलावर ठरत नाही, तो खरेदीच्या दिवशीच ठरून गेलेला असतो. आणि आपल्या पत्रात दुरुस्तीविषयी जितके बारकाईने लिहिले आहे, तितके खरेदीविषयी लिहिलेले नाही.

आधी हा माल येतो कोठून ते पाहू. ग्राहकाने परत केलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत दोष नसतोच: कोणाला रंग आवडलेला नसतो, कोणाला तेच यंत्र दुसरीकडे स्वस्त मिळालेले असते, कोणाला ते सुरू कसे करायचे हेच कळलेले नसते. आपला दुप्पट नफ्याचा हिशेब बहुधा अशाच यंत्रांवर उभा आहे. परंतु ही यंत्रे विक्रेत्यालाही ओळखता येतात. खोके न फुटलेले, चालू असलेले यंत्र तो स्वतःच सवलतीत विकतो. काही यंत्रे उत्पादकाकडे परत जातात. आणि जे तपासण्याचा खर्च त्याला परवडत नाही किंवा जे तपासून नाकारले गेले आहे, ते लॉटमध्ये जाते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच मांडले होते की, वस्तूतील दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असला, तर चांगला माल त्या बाजारातून बाहेर पडत जातो आणि हलका माल उरतो. म्हणून लॉटच्या वर्णनात ‘न तपासलेले’ असा शब्द असेल, तर ‘कोणीतरी तपासले, पण निकाल आपल्याला सांगितलेला नाही’ असे धरूनच बोली लावावी.

आता आकडे. चलन बाजूला ठेवून एका लॅपटॉपची सरासरी खरेदी किंमत १०० एकके मानू, म्हणजे ४० यंत्रांचे ४,००० झाले. माझ्या गृहीतकाप्रमाणे यांपैकी १४ यंत्रे साफसफाई, चार्जर आणि नव्याने सॉफ्टवेअर टाकणे एवढ्यावर निघतील, १२ यंत्रांना स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड किंवा एसएसडी (माहिती साठवणारा भाग) असा एखादा सुटा भाग लागेल, ६ यंत्रांत मदरबोर्डचे (मुख्य सर्किट बोर्डाचे) काम निघेल आणि त्यांतील ३ सुधारतील, तर उरलेली ८ केवळ सुट्या भागांसाठी उपयोगी पडतील. पहिल्या गटाला प्रत्येकी २२०, दुसऱ्याला १९०, सुधारलेल्या ३ यंत्रांना १६० आणि भागांसाठी गेलेल्या एकूण ११ यंत्रांना (८ आणि न सुधारलेली ३) प्रत्येकी ३५ एकके मिळाली असे धरले, तर विक्री ६,२२५ होते. आपल्या नजरेसमोर हाच आकडा आहे. परंतु त्यातून खरेदीचे ४,०००, वाहतुकीचे ३००, सुट्या भागांचे सुमारे ८१०, विक्रीवरील दलाली आणि पॅकिंग मिळून १२ टक्के म्हणजे ७४७, आणि विकलेली दोन-तीन यंत्रे ग्राहकाने परत आणली तर त्यांचे २५० वजा करा. हाती उरतात ११८.

या ११८ एककांमागे आपले किती तास आहेत? उघडणे, तपासणे, भाग मागवणे, बसवणे, पुन्हा तपासणे, छायाचित्रे काढणे, चौकशीला उत्तरे देणे आणि पाठवणे, असे सगळे मिळून यंत्रामागे चार तास धरले तरी १६० तास होतात. म्हणजे तासाला पाऊण एककही पडत नाही. पहिल्या गटात १४ ऐवजी ११ यंत्रे निघाली आणि तीन भंगारात गेली, तर याच हिशेबात तीनशेहून अधिक एककांचा तोटा दिसतो. तीन यंत्रांच्या फरकाने मुद्दलालाच कात्री लागते. उलट तोच लॉट प्रत्येकी १०० ऐवजी ८० ला मिळाला, तर बाकी काहीही न बदलता नफा ९१८ होतो. ही गृहीतके आपल्या अनुभवाप्रमाणे जरूर बदलावीत, मात्र बदलताना दलाली, परत येणारा माल आणि स्वतःचे तास या तीन ओळी कागदावरून गाळू नयेत.

यंत्रांच्या बाबतीत काही गोष्टी अशा आहेत की हात कितीही कुशल असला तरी तेथे त्याचा उपयोग होत नाही. पहिली म्हणजे कुलूपबंद यंत्रे. अॅपलच्या २०१८ पासूनच्या टी२ चिप असलेल्या आणि त्यानंतरच्या अॅपलच्या स्वतःच्या चिपवरील संगणकांत सक्रियतेचे कुलूप (यंत्र मालकाच्या खात्याशी बांधणारे ‘अॅक्टिव्हेशन लॉक’) लागलेले असेल, तर ते आधीच्या मालकाच्या खात्यातून किंवा खरेदीच्या मूळ पुराव्यावर अॅपलकडूनच निघते. मदरबोर्ड उत्तम असूनही ते यंत्र आपल्यासाठी सुट्या भागांचा ढीगच राहते. कंपन्यांच्या यंत्रांत आणखी एक प्रकार आढळतो. सगळे पुसून विंडोज नव्याने टाकावे, इंटरनेट जोडावे, आणि स्वागताच्या पडद्यावर एखाद्या अनोळखी कंपनीचे नाव येऊन तिच्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड मागितला जावा. ते यंत्र त्या कंपनीच्या नोंदणीतून काढलेलेच नसते. अशी यंत्रे विक्रेता परत घेणार का, हे बोलीपूर्वी लेखी विचारावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. द्रव सांडलेले यंत्र कित्येकदा सुरू होते, दहा मिनिटे व्यवस्थित चालते आणि वरवरच्या तपासणीत उत्तीर्णही होते. मागचे झाकण काढल्यावर कीबोर्डच्या जोडणीपाशी किंवा चार्जिंगच्या भागाजवळ पांढरट-हिरवट थर दिसतो, एखादा स्क्रू गंजलेला असतो, काही ठिकाणी द्रव लागल्यावर रंग बदलणारी खूणपट्टी लाल झालेली असते. असे यंत्र साफ करून विकता येते, परंतु गंज आत चालूच राहिला तर ते विक्रीनंतर परत येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून प्रत्येक यंत्र आधी चार्जरवर आणि मग केवळ बॅटरीवर, पूर्ण ताण देऊन काही तास चालवल्याशिवाय विकू नये. हे तास वरच्या १६० मध्ये आपण पकडले आहेत का, ते पाहावे.

तिसरी गोष्ट वयाची. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृत यादीत आहेत. परत आलेला माल नवा असतो हे खरे, परंतु लॉट भरण्यासाठी त्यात जुनी यंत्रेही मिसळली जातात, आणि त्यांची विक्री किंमत वरच्या हिशेबातील १९० ला पोहोचत नाही. शिवाय लॅपटॉप टेबलावर पडून राहिला की दर महिन्याला त्याचा भाव उतरतो. नवे मॉडेल आले की तो एकदम पडतो. आपण पैसे किती टक्क्यांनी वाढतील याचा विचार केला आहे, पण ते किती महिन्यांनी मोकळे होतील याचा केलेला नाही. शेवटची दहा यंत्रे नेहमीच सर्वांत हळू विकली जातात, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे सगळा नफा त्या दहांमध्येच अडकलेला असतो.

लॉट कसा असावा, याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण हिशेबात तिच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. चाळीस वेगवेगळ्या मॉडेलच्या यंत्रांपेक्षा एकाच मॉडेलची सहा यंत्रे बरी. एकाच मॉडेलमध्ये ज्याचा मदरबोर्ड गेला त्याची स्क्रीन, स्क्रीन फुटलेल्याला बसते. एकाची बॅटरी, दुसऱ्याची बिजागरी, तिसऱ्याचा कीबोर्ड असे करत सहांतून चार चांगली यंत्रे उभी राहतात आणि बाहेरून फारसे काही मागवावे लागत नाही. एकच यंत्र पुन्हा पुन्हा उघडल्याने हातही बसतो आणि चार तासांचे काम दोनवर येते. मिसळ लॉटमध्ये प्रत्येक यंत्राचा अभ्यास नव्याने करावा लागतो. रॅम किंवा एसएसडी मदरबोर्डवरच कायमची जोडलेली मॉडेल सुरुवातीला टाळावीत; त्यांतील एक दोष संपूर्ण बोर्ड घेऊन जातो. आणि बोर्ड बदलला तर विंडोजचा परवानाही बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जातो, कारण तो बोर्डाशी बांधलेला असतो.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही, तो विषय आधीच्या मालकाच्या माहितीचा. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांतील केवळ १२ नीट पुसलेल्या निघाल्या आणि इतरांवर क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक सापडले. साध्या फॉरमॅटने माहिती जात नाही, आणि एसएसडीला उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञाच वापरावी लागते. कोणाचे कौटुंबिक फोटो किंवा बँकेची कागदपत्रे आपल्या हातून तिसऱ्याकडे गेली, तर त्याची जबाबदारी विक्रेत्यावर ढकलता येणार नाही. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीचे बिल आणि पुसल्याची तारीख एका वहीत ठेवावी. ते यंत्र चोरीचे नाही हे दाखवायलाही हीच वही उपयोगी पडते.

घराविषयीही बोलले पाहिजे. फुगलेली बॅटरी टचपॅड वर उचलते किंवा खालचे झाकण बाहेर ढकलते. अशी बॅटरी चार्जही करू नये आणि टोचली जाईल अशा रीतीने उचकटूही नये. सदोष लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंदी आहे, त्यामुळे त्या भागांसाठी दूर विकता येतील हे गृहीत धरू नका. चाळीस बॅटऱ्या झोपण्याच्या खोलीत ठेवणे मला मुळीच मान्य नाही. घराच्या विम्यात व्यवसायाचा माल बहुधा धरलेला नसतो, हेही विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. जोडीदाराच्या विरोधात याही चिंतेचा भाग असेल, तर ती अगदी रास्त आहे.

आता आपल्या बचतीबद्दल. दहा महिन्यांपैकी सहा महिन्यांचा खर्च हा आणीबाणीचा पैसा आहे, त्याला या धंद्यासाठी हात लावू नये. नोकरी गेली किंवा आजारपण आले, तर अर्धे उघडलेले लॅपटॉप त्या आठवड्यात पैसे देत नाहीत. उरलेल्या चारांपैकी एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम पहिल्या खरेदीला आणि अर्ध्या महिन्याची सुट्या भागांना व परत येणाऱ्या यंत्रांना वेगळी ठेवावी. आपल्या लॉटच्या भावाने एवढ्यात पाच-सहा यंत्रे येतात. ही दीड महिन्याची रक्कम पूर्ण बुडाली तरी घराचे काही अडणार नाही, एवढीच तिची कसोटी. लहान लॉटमध्ये प्रति यंत्र भाव चढा लागतो, असे आपण म्हणाल. लागतो, पण आज आपल्याला स्वस्त मालापेक्षा आपल्या स्वतःच्या आकड्यांची जास्त गरज आहे. किती यंत्रे खरोखर निघाली, किती तास गेले, किती दिवसांनी पैसे आले आणि किती ग्राहक परत आले, हे त्या सहा यंत्रांवरून कळेल.

विक्रीवर आपण ३० किंवा ९० दिवसांची हमी देणार असाल, तर ती मुदत संपेपर्यंत त्या यंत्राचा नफा खर्चासाठी उचलू नये. दुसरा लॉट पहिल्याच्या परतलेल्या पैशातून घ्यावा. कर्जाला माझा स्पष्ट नकार आहे, कारण व्याज दर महिन्याला चालते आणि माल विकला जाण्याची तारीख आपल्या हातात नसते. नोकरीचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. सलग तीन लॉट शेवटच्या यंत्रापर्यंत विकून, सर्व खर्च वजा जाता, तासाचा मोबदला आपल्या आजच्या पगाराच्या तासाला गाठू लागला, तर त्या वह्या घेऊन पुन्हा लिहावे. तेव्हा मी वेगळे उत्तर देऊ शकेन. स्वतंत्र बँक खाते मात्र पहिल्या दिवसापासून असावे, आणि कर व नोंदणीचे नियम आपल्या भागातील हिशेबनिसाकडून खरेदीपूर्वीच समजून घ्यावेत.

समोरच्या ४० यंत्रांच्या लॉटबाबत एक दार उघडे ठेवतो. विक्रेत्याने मॉडेल, अनुक्रमांक आणि परत येण्याचे कारण यांसह यंत्रनिहाय यादी दिली, चार-पाच यंत्रे प्रत्यक्ष उघडून पाहू दिली आणि कुलूपबंद निघालेल्या यंत्रांचे पैसे परत देण्याचे लेखी मान्य केले, तर अशाच कामाची जाण असलेल्या दोघा-तिघांनी मिळून तो घ्यावा आणि आपला वाटा वर सांगितलेल्या रकमेपुरताच ठेवावा. वाटण्या बोलीपूर्वीच कागदावर घालाव्यात, म्हणजे कोणाला कोणती यंत्रे आणि भंगार कोणाचे, यावरून मागाहून वाद होणार नाही. बोलीची वरची मर्यादाही त्याच कागदावर लिहावी आणि लिलावाच्या भरात ती ओलांडू नये. विक्रेता यादी द्यायला तयार नसेल, तर त्या लॉटवर बोली लावू नये.