आजोबांची एमजीए उभी करायची, पण एफडी न मोडता

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय ४३, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात नोकरी, हातात ४६ हजार. पत्नी शिवणकामातून महिन्याला १२ हजार मिळवतात. घरखर्च ३८ हजार, आरडी ८ हजार, बँकेत ५ लाखांची एफडी, मुलगी नववीत. आजोबांनी कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून घेतलेली १९५८ ची एमजीए १५०० ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार गोठ्याशेजारच्या शेडमध्ये तीस वर्षं उभी आहे. पुण्याच्या एका गॅरेजने सगळं मिळून ९ लाख सांगितले. एफडी मोडून आणि वर ४ लाखांचं पर्सनल लोन काढून ती करावी, की कोल्हापूरचे एक गृहस्थ आहे तशी ४ लाखांना मागताहेत, त्यांना देऊन टाकावी?

दादा, एफडीला हात लावू नका आणि कर्जही काढू नका. पण गाडीही एवढ्यात देऊ नका.

आधी एफडीचं बघू. तुमचा सहा महिन्यांचा घरखर्चच २ लाख २८ हजार होतो. फाउंड्री आणि मशिनशॉपच्या ऑर्डरी कशा वरखाली होतात हे उद्यमबागेत राबणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. म्हणजे त्या ५ लाखांतले जवळजवळ निम्मे अडीनडीचे आहेत. उरलेले मुलीचे. ती आत्ता नववीत, म्हणजे दुसरी पीयूसी (बारावी) होऊन फी भरायची वेळ चार वर्षांत येते. ७ टक्क्यांनी ते ५ लाख तोवर साडेसहा लाखांच्या आसपास जातात. कर्जाचं म्हणाल तर ४ लाख, १३ टक्के, तीन वर्षं धरली तर हप्ता साडेतेरा हजार आणि नुसतं व्याज ८५ हजार. तुमच्या हातात महिन्याला उरतात १२ हजार. हप्ता त्यात बसतच नाही.

तुमच्या पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. तेव्हा त्या १२ हजारांतले ५ हजार बाजूला ठेवा, त्यातून आधी तिघांची स्वतंत्र पॉलिसी घ्या. राहिलेले ७ हजार गाडीचे. वर्षाला ८४ हजार. एवढ्यात ९ लाखांची गाडी होत नाही हे खरं, पण ९ लाखांच्या त्या कोटेशनमध्ये मजुरीच मोठी आहे, आणि तुमच्याकडे टूलरूमचे हात आहेत. इंजिनाचं क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंग करणारे बेळगावात आहेत. रविवारचा तुमचा वेळ हीच या कामातली तुमची खरी ठेव.

शिवाय तुमचं नशीब असं की गाडी एमजीए १५०० आहे. तिचं १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं, आणि आपल्या अँबॅसिडरमध्ये कित्येक वर्षं चाललेलं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. दोन्ही सारखी नाहीत. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर, तिची ट्यूनिंग वेगळी. पण जुन्या अँबॅसिडरवाल्या मेस्त्रीकडे तिचा नमुना घेऊन गेलात तर आतला बराच माल ओळखीचा निघेल, तोही आपल्या भावात. हात आखडता घ्यायचा नाही तो ब्रेकवर. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज यांत जुगाड करू नका. लागले तर बाहेरून मागवा आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशोब मांडा. वायरिंगला हात लावण्याआधी एक लक्षात ठेवा: या गाडीत सीटांमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात आणि अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेलं असतं. सवयीने उलटी जोडणी झाली तर नवा खर्च उभा राहतो.

पण इंजिन ही शेवटची काळजी. पैसे गिळतो तो गंज. खानापूरच्या पावसात तीस वर्षं, तेही गोठ्याच्या ओलीशेजारी. एमजीएची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बॉडीपासून वेगळी असते आणि तळाला प्लायवूडच्या फळ्या असतात. त्या ओल धरतात आणि खालचं लोखंड खातात. दाराच्या बिजागऱ्यांचे खांब आणि दाराखालचे सिल हेही तसेच. वरचा पत्रा चकचकीत करणं सोपं आहे. लांबी (पुट्टी) भरून काहीही झाकता येतं. म्हणून एक रुपयाही घालायच्या आत सीट काढा, फळ्या उचला आणि जाड स्क्रूड्रायव्हरने चासीचा प्रत्येक भाग ठोकून बघा. खणखणीत वाजली तर गाडी तुमची. टोक आत गेलं, तेही दोन-चार ठिकाणी, तर कोल्हापूरच्या गृहस्थांना गंज दाखवून, न लपवता, आहे तशी द्या. ते ४ लाख मुलीच्या नावावर टाकताना मन दुखेल, पण निर्णय बरोबर असेल.

चासी चांगली निघाली तरी सगळी गाडी एकदम उघडू नका. हे मी कळवळून सांगते. माझ्या वडिलांनी शहापूरच्या घरामागे फियाट ११०० अशीच उत्साहाने पूर्ण उघडली होती. बॉनेट माळ्यावर, गिअरबॉक्स जिन्याखाली. मग ताईचं लग्न आलं, पैसा तिकडे गेला. सहा वर्षांनी ती गाडी भंगारात किलोवर गेली आणि वडील त्या दिवशी जेवले नाहीत. अख्ख्या बंद गाडीला गिऱ्हाईक असतं, सुट्या भागांच्या ढिगाला नसतं. म्हणून एका वेळी एकच काम: आधी ब्रेक, मग चासीचं वेल्डिंग, मग इंजिन. उघडा पत्रा मृग लागायच्या आत रेड ऑक्साइडच्या गंजरोधक रंगाखाली गेलाच पाहिजे. नाहीतर दिवाळीत तोच खर्च पुन्हा करावा लागेल. रंग, क्रोम, चामड्याच्या सीटा पाचव्या वर्षी आल्या तरी चालतील.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करा. आरसी बुक आजोबांच्या नावावर, म्हणजे गाडीवर तुमच्या वडिलांबरोबर काका आणि आत्यांचाही हक्क येतो. त्यांची लेखी संमती आधी घ्या, मग आरटीओत फॉर्म ३१ भरून नाव बदला. गाडी चमकल्यावर ही बोलणी अवघड होतात.

व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. तेव्हा अँबॅसिडरचे आतले भाग वापरा, पण नंबर असलेला मूळ ब्लॉक बदलू नका. शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. अशी गाडी रोज कामाला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. उद्यमबागेला तुमची बाईकच जाणार.

"पुढे किंमत वाढेल, ही गुंतवणूकच आहे" असं तुम्ही लिहिलंय. तसं धरू नका. ४ लाख आज ७ टक्क्यांनी ठेवले तर दहा वर्षांत पावणेआठ लाखांच्या वर जातात, गंज न लागता. गाडीसाठी द्यायचा तो पैसा आजोबांसाठी आणि तुमच्या हौसेसाठी द्या, आणि महिन्याचे ७ हजार घरखर्चासारखे वहीत लिहा. हौस करायला माझा विरोध नाही. घरात दोघं कमावताहेत, देणं कुणाचं नाही, माणसाने एवढं करावं.

येत्या रविवारी फळ्या उचला. वहिनींना शेजारी उभं करा, कारण हे ७ हजार त्यांच्या शिवणकामातूनही जाणार आहेत. चासीला स्क्रूड्रायव्हर कुठे कुठे आत गेला ते कागदावर खूण करून मला कळवा. तोवर कोल्हापूरला हो किंवा नाही, काहीच सांगू नका.