एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवर उपचार झाल्यावर जठराचं अस्तर पूर्ववत होतं का?

सूज हळूहळू जाते, पण अस्तरात आतड्यासारख्या पेशी तयार झाल्या असतील तर त्या बहुधा तशाच राहतात. जंतू मेल्यावर सुजेतल्या न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतात. लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मात्र वर्षाहूनही जास्त काळ रेंगाळू शकतात. म्हणून नंतरच्या बायॉप्सीत ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ (जठराची जुनाट सूज) आलं तर उपचार फसला असं लगेच समजू नका. अस्तरातल्या झिजलेल्या ग्रंथी काही जणांत हळूहळू, थोड्याफार भरून येतात. कर्करोगाचा धोका घटतो, शून्य होत नाही. त्यामुळेच युरोपातल्या २०१९ च्या ‘मॅप्स’ (जठरातल्या कर्करोगपूर्व बदलांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत ग्रंथींची झीज जठरभर पसरलेली असल्यास दर ३ वर्षांनी एंडोस्कोपी सुचवली आहे. अर्थात हे सगळं जंतू खरोखर गेला असेल तरच: अँटिबायोटिक संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासचाचणी (जंतू उरलाय का हे श्वासावरून तपासणारी) करून घ्या.