राखेचा बुधवार : साबुदाण्याची खिचडी चालेल का?

ताई, तुमचे प्रश्न दोन. मालाडच्या ओर्लेममधल्या होणाऱ्या सासरी हा पहिलाच राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, तर उपासाला साबुदाण्याची खिचडी करून न्यावी का? आणि ख्रिस्ती नसताना कपाळाला राख लावून घेतली तर चालेल का?

आधी खिचडी. आमच्यात, म्हणजे कॅथलिकांत, उपासाचे असे वेगळे पदार्थ नसतात. वरण-भात चालतो, कांदा-लसूण चालतो, अंडं-दूध चालतं, मासेसुद्धा चालतात. मटण-चिकन बंद. बाकी हिशेब पोटाचा: दिवसातून एकदाच पोटभर जेवायचं, आणखी दोनदा थोडंसं खाल्लं तरी ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. हा उपास १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. मांस मात्र १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांनाच वर्ज्य. आजारी माणसाला, गरोदर बाईला कुणी बळजबरी करत नाही.

म्हणजे खिचडी नियमात बसते. पण तूप, दाण्याचं कूट, वर दही आणि बटाट्याची भाजी असं ताट झालं तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’. हसू नका, आमच्यातही मटण नाही म्हणून सुरमईच्या चार तुकड्या तळणारे आहेत. मी स्वतः केलंय. त्यापेक्षा पेज-लोणचं बरं. वाचलेले पैसे गरिबांसाठी बाजूला काढायचे. प्रार्थना, उपास आणि दान ही तिन्ही या उपासकाळात बरोबरीने धरतात.

आता राख. ती कुठलीही राख नसते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिळालेली पात आम्ही क्रूस विणून घरातल्या अल्तारामागे, म्हणजे देव्हाऱ्यामागे, खोचून ठेवतो. वर्षभरात ती पिवळी, कडक होते. बुधवार जवळ आला की चर्चमध्ये परत नेऊन द्यायची. लहानपणी चर्चच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात त्या जाळताना मी पाहिल्यात. वाळलेली पात भसकन पेटते, आणि एवढा मोठा भारा जळून हाती येते ती वाटीभर राख. मग ती चाळायची. फादर अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि म्हणतात, ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील,’ किंवा ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा.’ राख जरा कोरडी असली की नाकावर सांडते. पुसू नका, सगळ्यांचंच तसं होतं.

तुम्ही खुशाल रांगेत उभ्या राहा. राख हा संस्कार नाही, ती कुणीही घेऊ शकतं. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या, रांगेत मात्र जाऊ नका, तो कॅथलिकांसाठी आहे. तेव्हा बाकावरच बसा. दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला, माहीम चर्चमध्ये सगळ्या धर्मांची माणसं येतात, त्यामुळे मुंबईत त्या दिवशी राख लावलेली सगळी कपाळं ख्रिस्ती असतीलच असं नाही.

ईस्टर इथून ४६ दिवसांवर. मधले सहा रविवार वगळले की उरतात ४०, प्रभू येशूने रानात उपास केले तितके. या दिवसांत फादरांची वस्त्रं जांभळी, मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) आलेलुया हा आनंदाचा जयघोष नाही, अल्तारावर फुलं नाहीत. लग्नंही शक्यतो काढत नाहीत, तेवढं तुमच्या हॉलच्या तारखेत बघा. २०२४ साली हा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला होता, तेव्हा आमच्या घरातल्या तरुणांची झालेली पंचाईत विचारू नका.

एक कोडं मला अजून सुटलेलं नाही. राखेच्या बुधवारच्याच मिस्सेत बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं: उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना दिसू देऊ नकोस. आणि ते ऐकून आम्ही कपाळावर राख घेऊन बाहेर पडतो! माझी आई घरी येताच तोंड धुवायची. वडील रात्री झोपेपर्यंत पुसत नसत. दोघांत यावरून कधी वाद झालेला आठवत नाही. मी वडिलांवर गेलोय. लोकलमध्ये समोरचा हमखास म्हणतो, ‘अहो, कपाळाला काळं लागलंय,’ आणि रुमाल पुढे करतो. मी ‘असू द्या’ म्हणतो. एकदा एका काकांनी विचारलं, भस्म का? म्हटलं, हो, तसंच काहीसं. मग दादर येईपर्यंत ते मला त्यांच्या सोमवारांबद्दल सांगत होते.