एम.एस्सी.च्या मुलांना पिकाच्या नोंदी घ्यायला शिकवायचंय, कोणती उपकरणं घ्यावीत?

उपकरणांपासून सुरुवात करणार असाल तर कार्यशाळा घेऊच नका. स्पष्ट बोलतोय, कारण यावरून मी आमच्या साहेबांशी भांडलोय.

रब्बी ज्वारीवर काम करणाऱ्या पोरांसाठी आमच्याकडे असंच प्रशिक्षण होतं. साहेबांचा हट्ट की पहिल्या दिवशीच क्लोरोफिल मीटर (पान चिमटीत धरून त्याचा हिरवेपणा मोजणारं यंत्र) आणि थर्मल कॅमेरा (पिकाचं तापमान दाखवणारा) दाखवायचा. मी म्हटलं, आधी नुसती मापपट्टी द्या. "ही काय प्राथमिक शाळा आहे?" हे सगळ्यांदेखत ऐकून घेतलं आणि तरीही सकाळी पोरांना मालदांडी या ज्वारीच्या वाणाच्या प्लॉटमध्ये नेलं. ताटांना लेबलं बांधली, प्रत्येकाला त्याच ताटांची उंची घ्यायला लावली. शेजाऱ्याचे आकडे बघायचे नाहीत. एकाच ताटाच्या उंचीत वीतभर फरक! कुणी कणसाच्या टोकापर्यंत मोजलेलं, कुणी ध्वजपानापर्यंत, म्हणजे कणसाखालच्या शेवटच्या पानापर्यंत. कुणी भर लावलेल्या मातीवर पट्टी टेकवलेली, कुणी माती उकरून. दुपारी तीच ताटं पुन्हा दिली तर काहींचे सकाळचे स्वतःचेच आकडे जुळेनात. पानाचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७५, हे सगळ्यांना पाठ. रुंदी सर्वांत रुंद जागी घ्यायची की मधोमध, यावर मात्र जेवणापर्यंत वाद.

साहेब म्हणाले, म्हणूनच यंत्र हवं. अहो, कोणतं पान चिमटीत धरलंय ते यंत्राला काय कळतं? कोवळं पान दिलं तरी ते आकडा देतं, पिवळं पडलेलं दिलं तरी देतं. दोन वाणांत पाच सेंटिमीटरचा फरक आणि मोजणाऱ्यांत पंधराचा, मग तुम्ही वाण निवडताय की माणूस?

म्हणून एक नियम पोरांच्या डोक्यात घाला: एका माणसाने एक अख्खी पुनरावृत्ती, म्हणजे सगळे वाण एकेकदा लावलेला शेताचा एक ब्लॉक, मोजायची. वाण वाटून घ्यायचे नाहीत. म्हणजे माणसाच्या हाताचा फरक ब्लॉकबरोबर निघून जातो, वाणाच्या माथी बसत नाही. हे आमच्याकडे आजही पाळत नाहीत.

शेकडो वाण असतील तर मात्र पट्टी पुरणार नाही, हे मान्य. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत लेझर स्कॅनरखाली झाडं मोजतात, आणि तिथे ते हवंच. पण स्कॅनरचा आकडा बरोबर आहे का हे तपासायलाही कुणाला तरी पानं तोडून हाताने मोजावी लागतात.

बरं, तुमची यादी: मापपट्ट्या, मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, ७० अंशांवर स्थिर राहणारा ओव्हन, हवाबंद पिशव्या, टिपकागद. क्लोरोफिल मीटर कुणाकडून तरी उसना आणा. थर्मल कॅमेऱ्याचे पैसे वाचले तर दुसरा काटा घ्या. पानातलं सापेक्ष पाणी (पूर्ण भिजलेल्या पानाच्या तुलनेत आत्ता किती पाणी आहे ते) ताजं, भिजवलेलं आणि वाळवलेलं पान तोलून काढताना एकाच काट्यापुढे रांग लागली की शेवटच्या पोराच्या हातातलं पान सुकलेलं असतं.